दहीहंडी स्पर्धा, ठाणे परिसरातील

दहीहंडी स्पर्धा, ठाणे परिसरातील : उंच टांगलेली दह्याची हंडी मानवी मनोरा रचून फोडण्याची, अथवा हंडीखाली ठरावीक थरांचा मनोरा रचून दाखविण्याची वार्षिक चढाओढ. ती गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, गोपाळकाल्यास होते. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली व कोकण हे तिचे मुख्य क्षेत्र होय. हंडी फोडण्याची प्रथा जुनी असली, तरी थर मोजून, पारितोषिके लावून आणि पथकापथकांत तुलना करून खेळला जाणारा तिचा आजचा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडला. त्याच्या जडणघडणीत ठाणे शहराचा वाटा मोठा आहे. विक्रमी मनोरे येथे रचले गेले. उंचीच्या मर्यादेवरून झालेला संघर्षही येथेच तीव्र झाला.

पार्श्वभूमी : भागवत पुराणाच्या दशम स्कंधात बाळकृष्णाच्या खोड्यांचे वर्णन आहे. शिंक्यावर टांगलेल्या दह्यादुधाच्या भांड्यांपर्यंत हात पोहोचावा म्हणून तो पाट, उखळ इ. वस्तू एकावर एक रचतो, असा उल्लेख त्यात येतो. तेथे मानवी मनोरा नाही. पाट-उखळाची जागा सवंगड्यांच्या खांद्यांनी घेतली ती लोकपरंपरेत. याच स्कंधातील दुसरा प्रसंग सवंगड्यांनी यमुनेच्या वाळवंटात शिदोऱ्या सोडून एकत्र जेवण्याचा आहे. वारकरी संप्रदायाने या प्रसंगास ‘काल्या’चे रूप दिले. कीर्तन सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, तसेच आषाढी पौर्णिमेस पंढरपूरजवळील गोपाळपूर येथे गोपाळकाला होतो. दही, पोहे, लाह्या, लोणचे असे सर्वांनी आणलेले पदार्थ एकत्र कालवून ते सर्वांनी खावयाचे, हे काल्याचे मर्म. त्यात कोणी जिंकत नाही वा हरत नाही. स्पर्धेच्या इतिहासाचा विचार करताना हा मूळ भाव ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

कोकणात गोविंदा वाडीवाडीतून नाचत, घरोघरी अंगावर पाणी घेत जात असे. हंडी बेताच्या उंचीवर बांधली जाई व दोन-तीन थरांत ती फुटे. कोकणातील चाकरमानी कापड गिरण्यांत कामाला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर ही प्रथा मुंबईच्या चाळींत आली. दोन चाळींमध्ये दोर बांधून हंडी टांगणे तेथे सोयीचे होते. चाळीचे मजले वाढले तशी हंडीची उंचीही वाढली. हंडीला बांधलेल्या नोटा, वरून ओतले जाणारे पाणी आणि ढोल-ताशांचा गजर यांमुळे उत्सवाला खेळाचे रूप येत गेले. तरीही प्रत्येक पथक प्रामुख्याने आपल्या वस्तीपुरतेच मर्यादित होते.

ठाणे परिसरात प्रसार : मुंबईहून ठाण्यापर्यंतची रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली व १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत वाढविण्यात आली. पुढे मुंबईत नोकरी करणाऱ्या कुटुंबांनी या मार्गावरील गावांत बिऱ्हाडे केली. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि गिरणगावातील जागा विकून वा सोडून उपनगरांत राहावयास जाण्याचा ओघ वाढला. ठाणे महानगरपालिकेची स्थापना १ ऑक्टोबर १९८२ रोजी, तर कल्याण महानगरपालिकेची स्थापना १९८३ मध्ये झाली. दुसरीचे नाव नंतर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका असे झाले. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सु. १२ लाख होती. या लोकसंख्येत कोकणातून आलेल्यांचे आणि गिरणगावातून हललेल्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. उत्सवास लागणारी माणसे व पथकाची शिस्त यांची परंपरा त्यांनी बरोबर आणली.

ठाण्यातील टेंभी नाक्यावरील दहीहंडीस शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे (मृत्यू २००१) यांच्या काळात मोठी प्रसिद्धी मिळाली. मुंबईतील पथके ट्रकमधून व दुचाक्यांवरून ठाण्यास येऊ लागली, ती प्रथम या नाक्याच्या ओढीने. त्यानंतर वेगवेगळ्या राजकीय पक्षांच्या नेत्यांनी आपापल्या चौकांत हंड्या बांधल्या. प्रताप सरनाईक यांच्या पुढाकाराने वर्तकनगर येथे संस्कृती युवा प्रतिष्ठानचा आणि जितेंद्र आव्हाड यांच्या पुढाकाराने पाचपाखाडी येथे संघर्ष प्रतिष्ठानचा उत्सव सुरू झाला. जांभळी नाका व नौपाड्यातील भगवती शाळेचे मैदान येथील हंड्याही गाजल्या. कल्याणमध्ये शिवाजी चौक व डोंबिवलीत बाजीप्रभू चौक येथे अशीच गर्दी लोटते. रुंद चौक व मैदाने ही या शहरांची सोय होती. मुंबईच्या अरुंद गल्लीत न मावणारा पाया येथे पसरता येई आणि भोवती हजारोंच्या संख्येने प्रेक्षक उभे राहू शकत. आयोजक व खेळणारे वेगळे झाले, हा या काळातील महत्त्वाचा बदल होय. वस्तीची हंडी वस्तीच्याच मुलांनी फोडावयाची, हा क्रम मागे पडून आयोजकाने पारितोषिक लावावयाचे व बाहेरून आलेल्या पथकांनी ते जिंकावयाचे, असा क्रम रूढ झाला.

मनोऱ्याची रचना : मनोऱ्याच्या प्रत्येक पातळीस ‘थर’ म्हणतात. पहिल्या थरात अनेक धष्टपुष्ट गोविंदा तोंडे आत करून व एकमेकांचे खांदे घट्ट धरून उभे राहतात. त्यांच्याभोवती इतरांची दाटी असते. ही दाटी आतल्या वर्तुळाला बाहेर सरकू देत नाही आणि मनोरा कोसळल्यास पडणाऱ्यांना झेलते. वरच्या प्रत्येक थरात माणसांची संख्या व वजन कमी होत जाते. शेवटच्या काही थरांवर एकेकच गोविंदा असतो. त्यास ‘एक्का’ म्हणतात. सर्वांत वर चढणारा हलका व चपळ असावा लागतो. म्हणून पूर्वी या जागी लहान मूल असे. पुढील सर्व वादाचे मूळ मनोऱ्याच्या या रचनेत आहे, कारण थर जितके अधिक तितका वरचा गोविंदा वजनाने हलका आणि म्हणून वयाने लहान, असे गणित त्यातून तयार झाले.

मनोरा उभारण्याइतकेच तो उतरविणे अवघड असते. खालच्या थरावर सर्वाधिक भार असतो आणि मनोरा उतरेपर्यंत तो भार सोसणे भाग असते. म्हणून थर झपाट्याने चढविण्यावर पथके भर देतात. सराव बहुधा गुरुपौर्णिमेस सुरू होतो आणि कामधंदा आटोपून रात्री चालतो. पथकात गिरणी-कारखान्यांतील व कचेऱ्यांतील नोकरदार, रिक्षाचालक, विद्यार्थी असे अनेक थरांतील तरुण असतात. १९९० नंतरच्या काळात महिलांची स्वतंत्र पथकेही पुढे आली.

स्पर्धेचे स्वरूप : मोठ्या चौकांत सकाळपासून पथके क्रमाने येतात व आपली नावे नोंदवितात. प्रत्येक पथक ठरलेल्या थरांचा मनोरा रचते. वरच्या गोविंदाने हात उंचावून अभिवादन केले, की ती ‘सलामी’ होते. सहा, सात, आठ, नऊ अशा थरांनुसार वाढत्या रकमेची पारितोषिके दिली जातात. हंडी फोडण्याचा मान अखेरीस एकाच पथकाला मिळतो; सलामीचे पारितोषिक मात्र अनेकांना मिळते. त्यामुळे एक पथक एका दिवसात अनेक ठिकाणी सलामी देत फिरते. पथकाचा दिवस पहाटे आपल्या वस्तीतील हंडीने सुरू होतो आणि रात्री उशिरा ठाणे वा मुंबईतील एखाद्या चौकात संपतो. दिवसाअखेरीस येणारा थकवा हे अपघातांचे एक कारण मानले जाते. मिळालेली रक्कम पथकाचे कपडे, वाहने, भोजन, जखमींचे उपचार व वस्तीतील उपक्रम यांवर खर्च होते. या अर्थाने काल्यातील वाटून घेण्याची रीत पथकाच्या अंतर्गत व्यवहारात टिकून राहिली आहे.

उंचीची चढाओढ : थरांची संख्या हे स्पर्धेचे माप ठरल्यावर आठ, नऊ व दहा असे टप्पे पथकांपुढे आले. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थरांचा मनोरा रचला. त्याची उंची १३·३४ मी. (सु. ४३·८ फूट) भरली व गिनीज विक्रमग्रंथात सर्वांत उंच मानवी मनोरा म्हणून त्याची नोंद झाली. तोपर्यंतचा विक्रम स्पेनमधील पथकाच्या नावावर १९८१ पासून होता. १६ ऑगस्ट २०२५ रोजी वर्तकनगर येथे जोगेश्वरीच्याच कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर रचले व २५ लाख रुपयांचे पारितोषिक मिळविले. त्याच दिवशी जय जवान पथकानेही दहा थर यशस्वीपणे लावले. या दोन तारखांमध्ये तेरा वर्षांचे अंतर आहे. एक थर वाढविण्यास लागलेला हा काळ त्या थराची दुष्करता दाखवितो.

या संदर्भात स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील मानवी मनोऱ्यांची परंपरा तुलनेने पाहण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हाल्स गावाच्या परिसरात ती रुजली. तेथील मनोऱ्यास ‘कास्टेल’ (किल्ला) म्हणतात. कास्टेलचाही पाया माणसांच्या दाटीचा असतो व सर्वांत वर लहान मूल चढून हात उंचावते. तारागोना येथे १९३२ पासून या मनोऱ्यांची स्पर्धा होत आली असून हल्ली ती दर दोन वर्षांनी भरते. गुण केवळ उंचीला न देता रचनेच्या अवघडपणालाही दिले जातात आणि मनोरा सुखरूप उतरविल्यास अधिक गुण मिळतात. २००६ मध्ये एका बालिकेचा पडून मृत्यू झाल्यानंतर वर चढणाऱ्या मुलांसाठी खास शिरस्त्राण रूढ झाले. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. कॅटलोनियातील मनोरे रचणारे पथक ठाण्याच्या उत्सवातही येऊन गेले आहे. दोन्ही परंपरा स्वतंत्रपणे वाढल्या. तथापि दोन्हींपुढे उभा राहिलेला प्रश्न एकच आहे, तो म्हणजे वरच्या मुलाच्या सुरक्षिततेचा.

न्यायालयीन इतिहास : उंची वाढली तसे अपघात वाढले. डोक्यास व मणक्यास होणाऱ्या दुखापतींमुळे काही गोविंदा मृत्यू पावले, तर काही कायमचे अपंग झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये नवी मुंबईतील सानपाडा येथे सरावाच्या वेळी चौदा वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिकेवर ११ ऑगस्ट २०१४ रोजी आदेश देऊन अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली व मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट रोजी या निर्बंधांना त्या वर्षापुरती अंशतः स्थगिती दिली. बारा वर्षांखालील मुलांना मात्र भाग घेऊ देऊ नये, असे सांगितले. २०१५ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा दिला. १७ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे अठरा वर्षांचे व २० फुटांचे बंधन कायम असल्याचे स्पष्ट केले.

वीस फूट म्हणजे सु. ६·१ मी. २०१२ च्या विक्रमी मनोऱ्याची उंची व थर यांचे प्रमाण पाहता एका थराची सरासरी उंची सु. दीड मीटर येते. म्हणजे २० फुटांत चार थर जेमतेम बसतात. नऊ थर रचणाऱ्या पथकांच्या दृष्टीने या मर्यादेत स्पर्धेला अर्थच उरत नव्हता. २०१६ च्या उत्सवात मुंबईतील काही गोविंदांनी रस्त्यावर आडवे निजून थर रचले आणि शिडी लावून हंडी फोडली. ठाण्यात नौपाड्यातील भगवती शाळेच्या मैदानावर महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने मर्यादेपेक्षा बऱ्याच अधिक उंचीची हंडी बांधली व उघडपणे निर्बंध मोडला. पोलिसांनी संयोजकांवर गुन्हे नोंदविले. सणाच्या बाबतीत न्यायालयाने किती हस्तक्षेप करावा, असा प्रश्न एका बाजूने विचारला गेला. दुसऱ्या बाजूने असे विचारण्यात आले, की धोका पत्करण्यास संमती देण्याचे ज्याचे वयच नाही, त्याला सर्वांत वर का चढवावे? एकीकडे सण साजरा करण्याचा हक्क व दुसरीकडे मुलाचा जीव, असा हा पेच होता.

सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण २०१७ मध्ये फेरविचारासाठी उच्च न्यायालयाकडे पाठविले. चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी करून घेतले जाणार नाही, अशी भूमिका शासनाने मांडली. ७ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने ती नोंदवून उंचीवर मर्यादा घालण्यास नकार दिला. असे बंधन घालणे हे विधिमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाचे मत पडले. शिरस्त्राण, सुरक्षा पट्टा, दोर, गाद्या, रुग्णवाहिका यांची जबाबदारी आयोजकांवर राहिली. याप्रमाणे उंचीचा प्रश्न मोकळा सुटला व वयाचा प्रश्न तडजोडीने मिटला. वरच्या थरासाठी चौदा वर्षांवरील हलक्या अंगाचा गोविंदा तयार करणे पथकांना भाग पडले. उंचीची बंधने उठल्यानंतर झालेला दहा थरांचा विक्रम या नव्या वयोमर्यादेच्या काळातील आहे.

अलीकडील काळ : कोविड-१९ च्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये सार्वजनिक दहीहंडीस परवानगी नव्हती. २०२२ मध्ये उत्सव पुन्हा सुरू झाला, तेव्हा ठाण्याचे एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होते. त्यांनी १८ ऑगस्ट २०२२ रोजी विधानसभेत दहीहंडीस क्रीडाप्रकाराचा दर्जा देण्याची घोषणा केली. मनोऱ्यावरून पडून मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये आणि गंभीर अपंगत्वासाठी साडेसात व पाच लाख रुपये अशी मदत त्याच वेळी जाहीर झाली. शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा लाभ गोविंदांना देण्याच्या घोषणेवर मात्र स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या उमेदवारांकडून टीका झाली. वर्षातून एकदाच होणाऱ्या व एकसूत्री नियमावली नसलेल्या चढाओढीत खेळाडूचे कर्तृत्व कसे ठरवावयाचे, हा या टीकेचा गाभा होता.

त्यानंतर नियमबद्धतेच्या दिशेने पावले पडली. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत वरळी येथील बंदिस्त क्रीडागृहात पहिली ‘प्रो गोविंदा’ स्पर्धा झाली. विमा ही दुसरी महत्त्वाची बाब होय. पूर्वी तो पथकाच्या वा आयोजकाच्या मर्जीवर अवलंबून असे. पुढे राज्य शासन गोविंदांचा विमा उतरवू लागले; २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांसाठी ही तरतूद करण्यात आली. तथापि चौकातील स्पर्धांना सर्वत्र सारखे नियम, एकाच पद्धतीने थर मोजणारे पंच आणि अपघातांची एकत्रित नोंद यांची आवश्यकता आहे.

मूल्यमापन : ठाणे परिसरातील दहीहंडी स्पर्धेने प्रथेला क्रीडाकौशल्याची जोड दिली. अंगबळ, तोल, परस्परांवरील विश्वास व शिस्त यांची कसोटी पाहणारा हा खेळ महागड्या साधनांविना खेळता येतो. साध्या वस्त्यांतील तरुणांना त्याने प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याचबरोबर पारितोषिकांची रक्कम, राजकीय पक्षांची चुरस, ध्वनिवर्धकांचा गोंगाट व वाहतुकीची कोंडी यांमुळे उत्सवाचे मूळ रूप झाकोळले, अशी टीकाही झाली. मनोऱ्यात वरच्याचे यश खालच्यांच्या खांद्यांवर उभे असते. परंतु पडण्याचा सर्वाधिक धोका वरच्यालाच असतो. २०१४ पासूनच्या न्यायालयीन व शासकीय निर्णयांचा रोख हा धोका कमी करण्यावर आणि त्याची जबाबदारी पथक, आयोजक व शासन यांमध्ये वाटून देण्यावर राहिला आहे.